सोडणं आणि धरणं : रानवाटेवर कुत्र्याला नेताना



आजचं वाचन : महाभारत, महाप्रस्थानिक पर्व, अध्याय ३. सोबत आदिपर्वातली एकलव्याची कथा, भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची कथा आणि गीता ५.१८.

रविवारी सकाळी पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर गेलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. आठवडाभर लिफ्ट, पार्किंग आणि बाल्कनी एवढ्यातच फिरलेला कुत्रा झाडीच्या तोंडाशी येतो, मालक खाली वाकून पट्ट्याची कडी काढतो आणि तो जीव बाणासारखा सुटतो. कान मागे, जीभ बाहेर, शेपूट वर. बघणाऱ्यालाही बरं वाटतं. त्या धावण्यात कुणाला देव दिसला, तर मी नाही म्हणणार नाही.

मग त्यातूनच एक प्रश्न येतो, आणि तो आपल्या वयाच्या भक्तांना हमखास पडतो. सगळ्या जिवांत देव आहे म्हणता, मग देवाला दोरी कशाला बांधायची? मोकळं सोडणं म्हणजेच प्रेम ना?

प्रश्न चांगला आहे आणि मनापासून आलेला आहे. म्हणून त्याचं उत्तर एखाद्या पाटीवरच्या नियमात न शोधता आज ग्रंथात शोधू. गंमत म्हणजे ग्रंथात कुत्रा आहे, रान आहे आणि रानात सुटलेला कुत्रासुद्धा आहे.

महाभारतातले तीन कुत्रे

महाभारत सुरू होताच एक कुत्रा भेटतो. जनमेजय राजाचं सत्र चाललेलं असतं. तिथे देवांची कुत्री सरमा, तिचं पिल्लू येतं. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, तिकडे पाहिलेलंही नसतं. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जातं. सरमा थेट यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते आणि तिला उत्तर मिळत नाही. तेव्हा ती सांगते, अपराध नसलेल्याला मारलंत, आता तुमच्यावरही न दिसणारं संकट येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरच व्यासांनी एका कुत्रीला न्याय मागायला उभं केलंय.

तिसरा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे. राज्य सोडून पाच पांडव आणि द्रौपदी निघाले, तेव्हा सातवा म्हणून मागून चालत आलेला. त्याच्याकडे शेवटी येऊ.

मधला, दुसरा कुत्रा मात्र आपण वाचूनही विसरतो. आजच्या विषयाशी त्याचाच सगळ्यात जवळचा संबंध आहे.

एकलव्याच्या रानात सुटलेला कुत्रा

द्रोणांची परवानगी घेऊन कौरव-पांडव राजकुमार रथातून शिकारीला जातात. त्यांच्यामागून एक माणूस सामान आणि एक कुत्रा घेऊन चालत असतो. या माणसाचं नाव व्यास सांगत नाहीत. राजकुमार आपापल्या नादात पांगतात आणि कुत्राही रानात भटकत सुटतो. भटकता भटकता तो अशा जागी पोचतो जिथे एक तरुण एकटाच धनुर्विद्येचा सराव करतोय. अंग मळलेलं, जटा वाढलेल्या, अंगावर काळवीटाचं कातडं. कुत्रा बिचकतो आणि त्याच्यावर भुंकत राहतो. पुढचं ठाऊकच आहे. एकलव्य सात बाण त्याच्या तोंडात मारतो आणि तो कुत्रा तसाच पांडवांकडे परत येतो. त्या नेमबाजीनं सगळे थक्क होतात, शोध सुरू होतो, बातमी द्रोणांपर्यंत जाते. आणि गोष्ट अंगठ्यापाशी संपते.

ही कथा आपण नेहमी गुरू, शिष्य आणि अन्याय या बाजूनं वाचतो. तसंच वाचलं पाहिजे. अंगठा कुत्र्यानं मागितला नाही, तो द्रोणांनी मागितला. त्याचा दोष मुक्या जनावरावर ढकलायचा नाही.

पण आज जरा एकलव्याच्या जागी उभं राहून बघा. राजकुमारांसाठी ते रान म्हणजे एक दिवसाची सहल होती. एकलव्याची साधना तिथे चालली होती, त्याचे गुरू मातीच्या रूपात तिथे होते, त्याचा सगळा संसार तिथे होता. त्याच्या अंगणात दुसऱ्याचा कुत्रा शिरला आणि त्यालाच परका समजून भुंकू लागला. कुत्र्याची चूक नव्हती. अनोळखी दिसलं की भुंकायचं, एवढंच त्याला कळतं. ज्यांना त्याहून जास्त कळायला हवं होतं त्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. आणि त्या दुर्लक्षाची झळ पहिल्यांदा कुत्र्याला बसली, मग ज्याचं घर होतं त्याला. राजकुमार संध्याकाळी घरी परतले.

आपण रानवाटेवर कुत्रा मोकळा सोडतो, तेव्हा चित्र फार वेगळं नसतं.

ते कुणाचं अंगण आहे?

टिटवी घ्या. तुम्ही तिला ओळखता. माणूस दिसला की डोक्यावर घिरट्या घालत ओरडणारी, डोळ्यांपुढे लाल लोंबती कातडी असलेली. ही बाई घरटं झाडावर बांधत नाही. उघड्या जमिनीवर एक उथळ खळगा करते, कडेला चार खडे मांडते आणि बहुतेक वेळा चार अंडी घालते. अंडी इतकी खड्यांसारखी दिसतात की पायाशी असून आपल्याला दिसत नाहीत. मार्च ते ऑगस्ट हा तिचा मुख्य हंगाम, म्हणजे नेमका कडक उन्हाळा त्यात येतो. त्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. आता तिथे एक लॅब्रेडॉर खेळत खेळत येतो. चावायचं वगैरे त्याच्या मनातही नसतं. तो फक्त हुंगतो, गोल फिरतो. तेवढा वेळ टिटवी अंड्यांपासून लांब राहते आणि अंडी उन्हात उघडी पडतात. कुत्र्यानं काहीच केलं नाही असं आपण शपथेवर सांगू, आणि तरी नुकसान झालेलं असेल.

आपल्याकडे म्हण आहे, टिटवीदेखील समुद्र आटवते. त्यामागची पंचतंत्रातली कथा आठवा. समुद्रानं टिटवीची अंडी ओढून नेली. ती बिचारी काय करणार? पण पक्ष्यांनी गरुडाकडे गाऱ्हाणं नेलं, गरुडानं विष्णूंकडे. आणि साक्षात नारायण टिटवीच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा समुद्रानं अंडी परत केली. आपण ज्या देवाचं नाव घेत टेकडी चढतो, तो या गोष्टीत कुणाच्या बाजूला आहे हे लक्षात ठेवू या.

टिटवी एकटी नाही. तित्तर, लावा, रातवा, आपल्या टेकड्यांवरचा मोर, हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. ससा दिवसा झुडपाखाली दबून बसतो. कुत्रा मागे लागला की तो उठून पळतो. पकडला नाही तरी त्याची जागा गेली, दम गेला, आणि वरून शिकारी पक्ष्याच्या नजरेत तो आला.

कुत्र्याचा धोकाही खरा आहे. वाळक्या पाल्यात घोणस किंवा फुरसं असतं, आणि कुत्रा जग नाकानं बघतो, म्हणून दंश बहुतेक वेळा तोंडावर किंवा पायावर होतो. पावसाळ्यात गवतातून गोचीड चिकटतात आणि त्यातून येणारा ताप कुत्र्याला लोळवतो. बिबट्याच्या वावराच्या भागात तर कुत्रा म्हणजे सहज मिळणारं भक्ष्य. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. पुढे गेलेला मोकळा कुत्रा घाबरून मागे पळतो तो सरळ आपल्याकडेच, आणि त्याच्यामागे कोण येतंय हे आपल्याला शेवटच्या क्षणी कळतं.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे रोग. २०१८मध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गीरच्या जंगलात थोड्या दिवसांत २०हून अधिक सिंह दगावले. त्यांतल्या काहींच्या तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांमध्ये होतो आणि त्याची लस कुठल्याही प्राण्यांच्या दवाखान्यात मिळते. रानातल्या प्राण्याला लस टोचायला सहसा कुणी येत नाही. आपल्या कुत्र्याचं लसीकरण पूर्ण ठेवणं ही कोल्ह्यावर, खोकडावर केलेली दया आहे, हे किती जणांच्या डोक्यात येतं?

करुणा लहान कधी होते?

इथे कुणी म्हणेल, हे सगळं बरोबर, पण माझं माझ्या कुत्र्यावर जिवापाड प्रेम आहे, त्याला दोरीत बघवत नाही. या भावनेसाठी भागवतात एक पूर्ण कथा आहे.

भरत राजा सगळं राज्य सोडून गंडकी नदीकाठी पुलहाश्रमात साधना करत होता. एकदा एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. सिंहाची गर्जना ऐकून तिनं जीव घेऊन उडी मारली, पाडस नदीत पडलं, हरिणी मेली. राजानं पाडस उचलून आश्रमात आणलं. इथपर्यंत भागवत त्याला नावं ठेवत नाही. वाहून जाणाऱ्या जिवाला हात देऊ नको असं कुठलं शास्त्र सांगेल?

घोळ पुढे झाला. हळूहळू त्याचं सगळं मन त्या एका पाडसात गेलं. नित्यनेम सुटला, ध्यान सुटलं. पाडस दिसेनासं झालं की हा कासावीस. मरतानाही डोळ्यांपुढे तेच. आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला.

आता त्याच्याशेजारी युधिष्ठिराला उभं करा. दोघांनीही एका मुक्या जिवाला जवळ केलं. एकाचा पाय घसरला आणि दुसऱ्यासाठी तोच जीव धर्म म्हणून प्रकट झाला. फरक काय? मला जे समजतं ते असं : भरताच्या मनात एक हरीण मोठं होत गेलं आणि बाकी सगळं जग लहान होत गेलं. करुणा जिथून सुरू झाली त्याच जागी थांबून राहिली, तेव्हा तिचा मोह झाला. युधिष्ठिराच्या बोलण्यात मात्र ‘माझा कुत्रा’ हा सूरच नाही. तो ‘शरण आलेला’, ‘भ्यालेला’, ‘दुबळा’, ‘ज्यानं साथ दिली तो’ असे शब्द वापरतो. समोर कुत्र्याऐवजी दुसरं कुणी असतं तरी त्याचं उत्तर तेच राहिलं असतं.

ही कसोटी आपल्याला टेकडीवर लावता येते. माझ्या बाळाचा आनंद बघताना मला टिटवीचं ओरडणं ऐकू येतं का? येत असेल तर ती करुणा. येत नसेल, किंवा ऐकूनही रील काढण्यात मी मग्न असेन, तर भरताच्या आश्रमाचा रस्ता फार लांब नाही.

समान बघणं, समान वागणं

गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक पाळीव प्राणी असणाऱ्या भक्तांना फार आवडतो, आणि आवडायलाच हवा. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजानं तळाला टाकलेला माणूस, या सगळ्यांत ज्ञानी एकच तत्त्व बघतो, असा त्याचा आशय. त्या यादीत भगवंतांनी कुत्र्याचं नाव मुद्दाम घेतलंय. भागवताच्या अकराव्या स्कंधात तर श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात की कुत्रा आणि गाढव दिसलं तरी जमिनीवर अंग टाकून नमस्कार करावा.

पण श्लोक बघण्याबद्दल आहे. वागणं प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वेगळं असणारच. हत्तीपुढे मटणाचा तुकडा आणि कुत्र्यापुढे उसाचं कांडं ठेवणं म्हणजे समता नव्हे. ज्याला समान बघता येतं त्यालाच कळतं की कुणाला काय हवंय. रानवाटेवर कुत्र्याला सोबत हवी असते, टिटवीला अंतर हवं असतं, बिबट्याला शांतता हवी असते. तिघांत एकच नारायण आहे, म्हणूनच तिघांशी तीन तऱ्हांनी वागावं लागतं.

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. सह्याद्रीतल्या देवराया बघा. देवाच्या नावानं राखलेलं रान, जिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक. माधव गडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला आणि गावोगावच्या श्रद्धेनं केवढं जंगल सांभाळलंय हे जगापुढे आलं. तिथली भक्ती फुलं वाहण्यापेक्षा हात आवरण्यात जास्त होती. टेकडीवर लीश हातात धरणं ही त्याच भक्तीची आजची एक लहानशी आवृत्ती आहे असं मला वाटतं.

युधिष्ठिरानं सोडलं नाही

आता महाप्रस्थानिक पर्व. अवघे तीन अध्याय. एकदा बसून वाचून होतात, पण मनातून जात नाहीत.

वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर पुढे चालत राहतो आणि मागे फक्त कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो. युधिष्ठिर आधी भावांबद्दल आणि द्रौपदीबद्दल विचारतो. ते पुढे गेलेत हे कळल्यावर तो म्हणतो, हा कुत्राही माझ्याबरोबर येईल. इंद्र समजावतो. तुला देवत्व मिळालंय, कुत्र्याला सोड, यात काही निर्दयपणा नाही. युधिष्ठिर नाही म्हणतो. इंद्र सांगतो, स्वर्गात कुत्रेवाल्यांना जागा नाही. तरी नाही. मग इंद्र सगळ्यात टोचणारा प्रश्न काढतो. भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग कुत्राच का सोडवत नाही?

युधिष्ठिराचं उत्तर शांत आहे. ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे, माझ्या आधारानं आलाय. याला सोडून मिळणारं सुख मला नको.

इथे व्यास जो शब्द वापरतात तो आहे आनृशंस्य. निष्ठुर न होणं. यक्षप्रश्नातही युधिष्ठिर याच गुणाला सगळ्यात वरचं स्थान देतो. आणि मग कुत्र्याच्या जागी साक्षात धर्म उभा राहतो.

मराठीत ‘सोडणं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पट्ट्यातून मोकळं करणं हेही सोडणं, आणि टाकून देणं हेही सोडणं. आज शहराच्या कडेला हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. हौसेनं आणलेलं पिल्लू मोठं होतं, घर बदलतं, नोकरी बदलते, बाळ येतं, आणि एक दिवस गाडी घाटाकडे किंवा टेकडीच्या मागच्या रस्त्याला वळते. घरी सांगितलं जातं, छान मोकळ्या जागेत सोडून आलो. त्या कुत्र्याला रानात जगता येत नाही. काही दिवस तो येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे धावतो, कारण त्याची माणसं गाडीतूनच गेलेली असतात. नंतर तो भुकेनं खंगतो, बिबट्याच्या तोंडी जातो किंवा टोळीत शिरून सशाच्या, मोराच्या पिल्लांच्या मागे लागतो. एका सोडण्यात कुत्रा आणि रान दोघांवर अन्याय होतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदा उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा गुन्हाच मानतो. पण कायदा नसता तरी महाप्रस्थानिक पर्व होतंच.

यावर एक शंका घ्याल. युधिष्ठिराच्या कुत्र्याला कुठे दोरी होती? नव्हती. पण तो सातवा म्हणून निघाला आणि हस्तिनापुरापासून हिमालयाच्या पलीकडेपर्यंत सातवाच राहिला, एकदाही वाट सोडली नाही. तो प्रत्यक्ष धर्म होता. आपला ब्रूनो बिस्किटाच्या पुड्याच्या आवाजानं सातव्या मजल्यावरून खाली येतो. त्याला थोडी मदत लागणार.

आणि ‘धर्म’ हा शब्दच धृ या धातूपासून आलाय. धारण करणं, धरून ठेवणं. लीशचं एक टोक कुत्र्याच्या गळ्याशी असतं आणि दुसरं आपल्या मुठीत. बांधलेला तो एकटा नसतो. तो भरकटणार नाही याची हमी आपण रानाला दिलेली असते, आणि काही झालं तरी तुला टाकून जाणार नाही याची हमी त्याला.

आजची साधना

चिंतन पायात उतरायला हवं, म्हणून या आठवड्यासाठी काही साध्या गोष्टी.

१. जायच्या आधी बघा, तिथे न्यायला चालतं का. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या संरक्षित जंगलात आणि अभयारण्यांत पाळीव कुत्रा न्यायला मनाई असते. तिथे ‘एकदाच’ किंवा ‘कुणी बघत नाही’ म्हणू नका. आपण तर बघणारा सगळीकडे आहे असं मानणारी माणसं.

२. दोरी लांब ठेवा, पण हातातून सोडू नका. पाच-सात हात लांब दोरी असली की कुत्र्याला मनासारखं हुंगता येतं. हुंगणं हे त्याचं वर्तमानपत्र आहे, ते वाचू द्या. सोडायचं नाही, तसंच सारखं ओढायचंही नाही. त्याच्या वेगानं चालणं हीसुद्धा सेवाच.

३. मळलेल्या वाटेवरच चाला. गवतात, झुडपात शिरू नका. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की समजा, तुम्ही तिच्या दारात आहात. थांबा, मनात हात जोडा आणि आल्या पावली मागे फिरा.

४. ऊन तापायच्या आत परत या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. आपल्या काळ्या कातळावर उन्हात हाताची मागची बाजू टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पाणी आणि वाडगं सोबत हवंच.

५. विष्ठा उचला. पिशवीत भरून खाली आणा, झुडपात भिरकावू नका. त्यातून जंत आणि रोग पसरतात. संतांच्या चरित्रांत झाडलोट ही मोठी सेवा आहे, आपण एवढं तरी करू.

६. लस आणि गोचीड. रेबीज आणि डिस्टेंपरसह सगळ्या लसी वेळेवर. घरी आलात की कानामागे, पंजाच्या बोटांत, काखेत हात फिरवून गोचीड बघा. पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं त्याच्याही आवडीची असतात.

७. इअरफोन काढा. एका हातात लीश असताना दुसऱ्या हातात फोन नको. कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे आणि मनाला लगाम म्हटलंय. कुत्रा सशाकडे ओढ घेतो ते आपल्याला लगेच दिसतं. आपलं मन त्याच वेळी कुठल्या नोटिफिकेशनकडे ओढ घेतंय, तेही बघता आलं पाहिजे. मनातल्या मनात नाम चालू द्या. पावलाला एक नाम, फार काही नको. कुत्रा थांबला की तुम्हीही थांबा, नाम थांबवू नका.

दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे असतात. परंपरा त्यांना चार वेद म्हणते. भागवतात अवधूतानं चोवीस गुरू सांगितलेत. त्यांत कबुतर आहे, अजगर आहे, मासा आहे, कोळी आहे, मधमाशी आहे. कुत्रा मात्र त्या यादीत नाही. मला वाटतं, पायाशी बसलेल्याला यादीची गरज नसावी. तो रोज शिकवतच असतो, लक्ष आपलं हवं.

आजची प्रार्थना

हे पांडुरंगा, जो जीव माझ्या भरवशावर माझ्या घरी आला, त्याला मी कधीही टाकणार नाही अशी बुद्धी दे. त्याच्या प्रेमात दुसऱ्या कुणाचं घरटं माझ्या पायाखाली येऊ नये एवढी जाग दे. रानात मी पाहुणा आहे हे मला विसरू देऊ नकोस. आणि हातात धरलेलं शेवटपर्यंत धरायचं बळ दे.

मनन करण्यासाठी दोन प्रश्न : माझ्या भरवशावर आज कोण कोण आहे, माणूस किंवा प्राणी? आणि माझ्या आनंदाची झळ कुणाला बसतेय, जे मला अजून ऐकू येत नाही? झोपण्याआधी पाच मिनिटं शांत बसून उत्तरं शोधा. वहीत लिहून ठेवलीत तर आणखी छान.

घरी कुत्रा असेल तर आज त्याच्या डोक्यावरून माझ्याही वाटणीचा एक हात फिरवा. नसेल, तर सोसायटीच्या फाटकाबाहेर जो बसलेला असतो त्याच्यासाठी पाण्याचं एक भांडं ठेवा. उन्हाळा आहेच.

राम कृष्ण हरी!